चिंधाचा झोका

ओट्यावर कोऱ्या घागरी पालथ्या मांडून ठेवल्या होत्या. चाळीसगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उतरून मी घरापर्यंत चालत आले होते. डोक्यावर पदर, हातात दोन पिशव्या, आणि वैशाखाचं ऊन असं की डांबर चपला धरून ठेवत होतं. पिशव्या टेकवल्या आणि आधी घागरी मोजल्या. ही माझी लहानपणची खोड. घागरी चार निघाल्या. पुन्हा मोजल्या, तरी चारच.

आमच्या घरच्या घागरी तीन. अखाजीला, म्हणजे बाकीचा महाराष्ट्र जिला अक्षय तृतीया म्हणतो त्या दिवशी, आमच्या खान्देशात घरोघर पितरांच्या नावाने घागर भरतात. एक पणजोबांची, एक आजोबांची, आणि नाना गेल्यापासून एक नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. घरातल्या गेलेल्या बाया आपापल्या नवऱ्याच्याच घागरीतलं पाणी पितात, असं आम्ही धरून चालतो. त्यांना कुणी विचारलेलं नाही. यंदा घरात कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे चौथी घागर कुणाची ते मला कळेना.

अक्का खाटेवर बसून डाळ निवडत होती. अक्का म्हणजे माझी आत्या, नानांची मोठी बहीण. वय अठ्ठ्याऐंशी, कान अजून तिखट आणि जीभ त्याहून. तिचं सासर अमळनेरकडे, पण ते दोन अखाज्यांपुरतंच टिकलं. ती माहेरी परत आली ती आलीच. का आली, हे आमच्या घरात कुणी विचारत नाही आणि ती सांगत नाही.

“अक्का, ही चौथी कोनी व?” मी विचारलं.

“चिंधानी,” ती म्हणाली. “यंदा झोका नही. यंदा घागर.”

मी पायरीवरच बसले. ऊन लागलं म्हणून बसले, असं भाचेसुनेला, रूपालीला वाटलं, आणि ती पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. मीही तसंच वाटू दिलं.

चिंधा म्हणजे अक्काच्या आजोबांची थोरली बहीण. इंग्रजांच्या अमलात तिला काळ्या पाण्याची सजा झाली. तिच्या हातून काय घडलं होतं, याच्या आमच्या घरात तीन हकिकती आहेत, आणि सांगणारा आपापल्या स्वभावाप्रमाणे एक निवडतो. मी लहानपणापासून एकही निवडलेली नाही. एवढं मात्र नक्की, की तिला धुळ्याच्या जेलात नेलं, तिथून ठाण्याला, आणि तिथून बोटीत घालून अंदमानला. सासरच्यांनी त्याच दिवशी तिचं नाव टाकलं. माहेरी मात्र तिचा भाऊ वाट पाहत राहिला.

पुढे वर्षं उलटली आणि अखाजीला प्रश्न उभा राहिला, की तिची घागर भरायची की नाही. आमच्याकडची रीत अशी, की मेल्याचा निरोप आल्याशिवाय घागर भरायची नाही. जित्या माणसाला पितर केलं तर पाप लागतं. चिंधाचा निरोप कधी आला नाही. मग त्या भावाने काय केलं, तर अखाजीला माहेरी आलेल्या लेकींसाठी कडुलिंबाला झोके बांधतात ना, तिथे एक झोका जास्तीचा बांधला. जिती असेल तर माहेरवाशीण आहे, तिचा झोका हवाच. सगळ्या लेकींचं खेळून झालं, की घरातल्या वडील लेकीने त्या रिकाम्या झोक्याला सात झोके द्यायचे. पणजोबा गेले, आजोबा गेले, नाना गेले, झोका राहिला. हिशेबाने पाहिलं तर चिंधाचं वय आता दीडशेच्या वर गेलं असणार, पण निरोप नाही तो नाहीच.

लहानपणी मला यात काही नवल वाटायचं नाही. सगळ्यांच्याच घरी एक बाई काळ्या पाण्याला असते, अशी माझी समजूत होती.

त्या दिवसांतली अखाजी आली, की आधी नाकाला कळायचं. गिरणेच्या कोरड्या पात्रात वाळूत डांगराचे, म्हणजे खरबुजाचे, वेल असायचे, आणि पिकल्या डांगरांचा गोड वास संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर गल्लीत यायचा. मागच्या अंगणात चुलीवर उपडं खापर तापायचं. माझी आई दोन्ही हातांच्या कोपरांपर्यंत पुरणाची पोळी झेलत झेलत मोठी करायची, आणि ती तापल्या खापरावर पसरली, की भाजल्या कणकेचा, वेलदोड्याचा आणि धुराचा मिळून एक वास सुटायचा. तो वास मला जळगावात कुठल्याही मोठ्या दुकानातल्या पोळीला आलेला नाही. तशी तक्रार मी दरवर्षी करते, आणि तरीही ती पोळी खाते.

झोके मोटेच्या जुन्या नाड्याचे असायचे. मोटा गेल्या, इंजिनं आली, पण नाडे माळ्यावर होते. त्यांना विहिरीचा वास यायचा, ओल्या चामड्याचा आणि शेवाळाचा. बसायला धुतलेल्या गोणपाटाची घडी. दारात दोन लिंब, एकमेकांकडे फांद्या टाकून उभे. चार आत्या, तीन चुलत बहिणी, मी, आणि चिंधा. फांद्यांवर जागा पुरायची नाही, मग लहान पोरींनी पाळी लावायची. चिंधाच्या झोक्याला मात्र सगळ्यात चांगली फांदी, ओट्यासमोरची. ती आम्हाला कधी मिळायची नाही, आणि त्यावरून आम्ही चिंधावर मनातून रुसलेल्या असायचो.

दोन दिवस आधी हमीदचाचा यायचे. ते मणियार, चाळीसगावचे, खांद्यावर बांगड्यांच्या माळा. त्यांचे वडील आणि आजोबाही आमच्याच गल्लीत बांगड्या भरायचे. आमचे हात दाबून दाबून ते हिरव्या काचा चढवायचे आणि आम्ही ओरडलो, की म्हणायचे, “बस बस, सासर को जाना है ना, इतना तो रोना पडता.” सगळ्यांचं झालं, की न विचारता एक जोड वेगळा काढून, अखाजीसाठी घरात बसवलेल्या गौराईपुढे ठेवायचे. तो चिंधाचा. मी एकदा विचारलं, चाचा, तिचं माप तुम्हाला कसं ठाऊक?

“सव्वादोन,” ते म्हणाले. “मेरे दादाने भरी थी उसको चूडियाँ. बोलते थे, छोटा हाथ था, भरते बखत रोई नही.”

आमच्या घरात तिच्याबद्दल तीन हकिकती होत्या, पण तिच्या हाताचं माप त्यांच्याच घरी होतं. मला आजही याचं फार बरं वाटतं.

आणि मग दुपारी आगारी. म्हणजे निखाऱ्यांवर तूप सोडायचं, पोळीचा घास टाकायचा आणि एकेका पितराचं नाव घ्यायचं. नाना पाटावर बसून नावं घेत. तूप चर्रकन वाजे, धूर उठे, पुढचं नाव. सगळी नावं संपली, की नाना थोडे थांबायचे. हातात तुपाची पळी, निखारा फुललेला. मग ते पळी खाली ठेवून उठायचे. त्या थांबण्यात चिंधाचं नाव आहे, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा वाटायचं, नाना विसरलेत बहुतेक काहीतरी.

नऊ वर्षांची असताना मी तिच्या झोक्यावर बसले. चुलत बहिणींनी पैज लावली होती, आणि मी पैजेला मागे हटणारी नव्हते. दोनच झोके घेतले असतील. अक्का घरातून आली. तेव्हा ती तरुण होती, उंच, ताठ. तिने नाडा धरला, झोका थांबवला. मारेल म्हणून मी डोळे मिटले. तिने मला उचलून खाली ठेवलं, गोणपाटाची घडी नीट केली आणि झोक्याला म्हणाली, “पोर शे व, राग मानू नको.” मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर कित्येक दिवस मला त्या झोक्यावर कुणीतरी दिसायचं, पाठमोरं, वेणी घातलेलं.

लग्न होऊन मी जळगावला आले आणि शाळेत भूगोल शिकवायला लागले. भारताचा नकाशा फळ्यावर टांगायचा, पट्टीने दाखवत दाखवत बंगालचा उपसागर ओलांडायचा आणि त्या ठिपक्यांवर पट्टी ठेवायची. अंदमान आणि निकोबार. पोरं माना डोलवायची. राजधानी पोर्ट ब्लेअर, मुख्य पीक नारळ, सुपारी. दरवर्षी माझ्या मनात यायचं की सांगावं, इथे आमच्या घरची एक बाई आहे. कधी सांगितलं नाही. वर्ग हसला असता म्हणून नव्हे, परीक्षेत विचारणार नव्हते म्हणून. मास्तरकी अशीच असते.

पण अखाजी मी चुकवली नाही. नवऱ्याची बदली, सासूबाईंचं दुखणं, मुलाची परीक्षा, काही असो, आदल्या दिवशी मी गावी. एकेक आत्या यायची थांबली, बहिणी पुण्या-नाशकाला गेल्या. झोके नऊचे पाच झाले, पाचाचे तीन. शेवटी दोनच उरले, एक माझा आणि एक चिंधाचा. गुडघे दुखायला लागल्यापासून मी माझ्या झोक्यावर नुसती टेकते. अक्का मात्र रिकाम्या झोक्याला सात झोके मोजून देते, आणि मोजताना ओठ हलतात तिचे. त्या संध्याकाळी मी फार सुखात असते. मला माहेर आहे, आणि माझ्याही आधीपासून कुणाचीतरी वाट पाहणारं ते घर आहे, एवढं पुरतं मला.

दोन दिवाळ्यांपूर्वी पूनम भेटायला आली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता कॉलेजात इतिहास शिकवते आणि काळ्या पाण्याला पाठवलेल्या बायांवर संशोधन करते. मला वाटलं होतं, काळं पाणी म्हणजे पुरुषांचं. तिथल्या जेलच्या भिंती, साखळदंड, कोलू, सगळ्या गोष्टी पुरुषांच्या. पूनम म्हणाली, “मॅडम, बायांचं जेल वेगळं होतं. कुठकुठल्या मुलखातल्या बाया एका छपराखाली. दळायच्या, कापड विणायच्या. एकीची भाषा दुसरीला कळायची नाही.”

मग तिने जे सांगितलं ते मी चहा गार करून ऐकलं. काही वर्षं वागणूक बरी राहिली, की तिथे बायांना लग्न करायची मुभा मिळे. ज्या कैदी पुरुषांना स्वतःचं घर करून राहायची परवानगी होती, ते बायांच्या जेलवर यायचे. बाया रांगेत उभ्या. हा बघतो, ती बघते. तिला पसंत नसेल तर तिने मान हलवायची, की झालं. ऐकून मला आधी राग आला आणि मग हसू. आमच्या अक्काला काय, मला काय, कुणी विचारलं होतं? मला दाखवायला आणलं तेव्हा मी पाटावरच्या फुलांकडे बघत होते. नवऱ्याचं तोंड मी नीट पाहिलं ते लग्नानंतर तिसऱ्या दिवशी.

“तुमच्या गावचं नाव एका कागदात आहे,” पूनम म्हणाली. मी तिला चिंधाचं कधीतरी बोलले असणार. तिने दिल्लीहून आणलेल्या फोटोची छापील प्रत माझ्या हातात दिली. जुनं वळणदार इंग्रजी अक्षर, शाई फुटलेली. नाव चिंधी, बाप राघो, आमचं गाव, तालुका चाळीसगाव, जिल्हा खानदेश. राघो आमच्या खापरपणजोबांचं नाव. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग रडले. पूनमसमोर रडायची लाज वाटली नाही, शाळेत ती माझ्यासमोर पुष्कळ रडली होती.

खाली पुढे लिहिलं होतं. वागणूक चांगली. विवाहाची परवानगी दिली. पतीचं नाव मातादीन, मुलूख अवध. मुली दोन. मरणाची नोंद नव्हती. कागद तिथेच संपत होता. पतीच्या नावापुढे त्याची जात आणि धंदा लिहिलेला होता, आणि तो वाचून मी कागदाची घडी घातली.

मातादीन चांभार होता.

आता खरं सांगते. तीस वर्षं मी वर्गात सगळी माणसं सारखी म्हणून शिकवलं, आणि मनापासून शिकवलं. तरी गेल्या अखाजीला तो कागद माझ्या पर्समध्ये होता आणि मी तो बाहेर काढला नाही. अक्का ज्या घरात वाढली, त्या घरात चांभाराच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे, हे मी पाहिलेलं आहे. तिने चिंधाला आयुष्यभर झोके दिले. कागद ऐकून तिचा हात त्या झोक्यावरून निघाला असता तर? तिचं जे एक माणूस होतं, ते मी काढून घ्यायचं का? मी स्वतःला सांगितलं, म्हातारीला कशाला त्रास. खरं तर त्रास मला होत होता. तिच्या तोंडून काही वावगं ऐकायला लागलं असतं, तर माझ्याही मनातून ती उतरली असती, आणि ते मला सोसलं नसतं.

आणि यंदा ही चौथी घागर.

“झोका काबर नही?” मी पाणी पिऊन झाल्यावर विचारलं.

“मन्हा मांगे झोका कोन देई?” अक्का डाळीतून खडा काढत म्हणाली. “रूपालीले नोकरी शे. तुले जळगाव शे, तुना गुडघा शेतस. ती तशीच टांगेल राही जाई. त्यापेक्षा पानी देसूत नि मोकळी करसूत तिले. निरोप नही उना तं नही उना.”

तिचं चुकत नव्हतं. पण नाडा माळ्यावर राहणार आणि चिंधा धुरात जाणार, हे मला पटेना. रात्री पर्स उशाला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घर कामाला लागलं. घागरी भरल्या, गळ्याला दोरा बांधला, तोंडावर लोटे आणि लोट्यांवर डांगरं. चौथीवरही डांगर. तिच्याकडे बघायचं मी टाळत होते. भाऊ परगावी असतो, म्हणून त्याचा मुलगा संदीप सोवळं नेसून पाटावर बसला, मोबाइल शेजारी पालथा ठेवून. रूपालीने गोवरीचे निखारे आणले. अक्का भिंतीला टेकून बसली होती, नावं चुकू नयेत म्हणून. पणजोबांचं नाव झालं. आजोबांचं झालं. नानांचं झालं. मग संदीप थांबला आणि त्याने अक्काकडे बघितलं. आजवर तिथे पळी खाली ठेवायची असायची.

“म्हन,” अक्का म्हणाली. “चिंधा म्हन.”

“थांब रे,” मी म्हणाले. आवाज माझा, पण वर्गातला निघाला, कारण संदीप दचकला. “अक्का, एक कागद शे मन्हापा. तिना.”

“कशाना कागद?”

“इंग्रजना.”

“इंग्रज तं कवयच गयात. कागद ठी गयात का?”

मी कागद उघडला. बापाचं नाव वाचलं, गावाचं वाचलं. अक्का भिंतीपासून पुढे सरकली. वागणूक चांगली, असं वाचल्यावर म्हणाली, “चांगलीच ऱ्हाई. राघोनी आंडेर शे.” आंडेर म्हणजे लेक. मग मी लग्नाचं वाचलं.

“लगीन?” अक्काने कानामागे हात धरला. “तिनं लगीन व्हयनं तठे? कोनसंगे व?”

“मातादीन नाव. तिकडे वरला मुलूखना, अवधना.”

“काय करे तो?”

इथपर्यंत येणार हे मला ठाऊक होतं. कागदावर दोन शब्द होते, मी एकच वाचला. “जोडा शिवे.”

अक्काने माझ्याकडे बघितलं. “चांभार?”

“हा.”

संदीपने मान खाली घातली. रूपाली पोळी उलटायची थांबली आणि खापरावरून करपट वास आला. निखाऱ्यावर राख धरत होती. मी कागदाकडे बघत राहिले, अक्काकडे बघायची हिंमत नव्हती.

“जोडा शिवे,” अक्का स्वतःशी म्हणाली. आणि मग, अगदी हळू, “मंग तिना पाय तं नही भाजनात तठे.”

मला कळलं नाही. ती पदराने डोळे पुसत होती.

“आठेन धुयापावत अनवानी लई गयथात तिले. असाच ऊन मा. मन्हा आजा सांगे आनि रडे. बठ्ठं सोडी दे, म्हने, पन मन्ही बहीनना पायमा काही नव्हतं.” तिने नाक ओढलं. “जोडावाला भेटना तिले. बरं व्हयनं. लई बरं व्हयनं.”

मी अक्काच्या शेजारी जाऊन बसले आणि तिचा हात धरला. जे मी वर्षभर पर्समध्ये दडवून ठेवलं होतं, ते तिने असं उचलून घेतलं. स्वतःची लाज वाटली, पण तिच्या शेजारी बसून लाजही फार वेळ टिकली नाही.

“अक्का,” संदीप म्हणाला, “निखारा विझी ऱ्हायना. चौथी घागरनं काय करू?”

“काय लिखेल शे, पोरं व्हतात का तिले?” अक्काने मला विचारलं.

“दोन आंडेरी.”

“मंग?” अक्का एकदम तिच्या नेहमीच्या आवाजात आली. “नवरा व्हता, घर व्हतं, दोन आंडेरी व्हत्यात. तिनी घागर तिना घर भरतीन. दिधेल आंडेरनी घागर माहेरमा भरतस का कोठे? आपन माहेर शेतस. उचल ती घागर, पानी पेवाले ठेव ओटावर. नि नाडा काढ माळावरथून.”

इतकी साधी गोष्ट. दिलेल्या लेकीची घागर तिच्या घरी भरतात, माहेरी तिचा झोका असतो. चार पिढ्या आम्ही निरोपाची वाट पाहत बसलो, मेल्याचा निरोप. ती तिकडे नांदत असेल, लेकींच्या वेण्या घालत असेल, नवऱ्याशी त्याच्या भाषेत भांडत असेल, हे आमच्यातल्या एकालाही कधी सुचलं नाही. आम्ही तिला बिनघराची समजून तिच्यासाठी झुरलो, आणि तिला घर होतं. सजा आमच्या लक्षात राहिली. ती फिटल्यावर माणसाचं पुढे काय होतं, ते बघायला आमच्यापैकी कुणी तिथवर गेलंच नाही.

संदीप शिडी लावून लिंबावर चढला. वरून ओरडून विचारत होता, कुठली फांदी, आणि खालून आम्ही तिघी तीन फांद्या दाखवत होतो. लिंबाची बारीक पांढरी फुलं त्याच्या सोवळ्यावर, आमच्या डोक्यावर पडत होती. रूपालीने सुट्टी टाकली होती, ती म्हणाली, “अक्का, सात झोके मी दिले तर चालतील का? मी लेक नाही, सून आहे, पण मला द्यायचेत.” अक्का म्हणाली, “दे. पन जोरमा. आते ती कैदी नही, माहेरले येल शे.” रूपालीने असे झोके दिले की नाडा फांदीला करकरला आणि अक्का खाटेवरून हसत हसत ओरडली, “हळू व, पाडशी तिले!”

मग ताटं. पुरुषांची पंगत ओसरीत, संदीप आणि त्याचे दोघे मित्र, आणि आम्ही आत. रूपाली वाढायला लागली. आमरसाच्या वाट्या, कुरडया, पोळीच्या घड्या, सगळं ताटात बसवताना तिची कसरत चाललेली. अक्का दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि पंगतीवरून नजर फिरवली.

“जुवाईनं ताट कोठे शे?”

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो.

“तिनं लगीन व्हयनं, इतला वरीस व्हयनात, नि एक डाव जेवाले बलावं नही आपन. काय म्हनी तो? असं माहेर ऱ्हास का?”

रूपालीने पाट मांडला, पंगतीच्या पहिल्या जागी, संदीपच्याही वर. ताट ठेवलं, सगळं वाढलं. अक्का कधी खाली वाकत नाही, तिची कंबर तिला वाकू देत नाही. पण तुपाची वाटी तिने माझ्या हातून घेतली, माझ्या खांद्याला धरून हळूहळू त्या पाटासमोर बसली आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

“बठा, मातादीनराव,” ती म्हणाली, आणि वाटी रिकामी होईपर्यंत पुरणावर तूप ओतत राहिली.